सहा खाली, एक वर

शालेय खो-खोच्या सामन्यांत मी बरीच वर्षे गुणलेखकाच्या टेबलावर बसलो. शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे हे काम आपोआप गळ्यात पडले. खो-खोत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, आणि तालुक्याच्या मैदानावर ‘सरपंचांनी निर्णय दिला’ असे लाउडस्पीकरवरून ऐकू आले की बघ्यांत हमखास कोणीतरी हसते. गुणलेखकाचे काम त्या मानाने कोरडे. कोणी मारले, कोण बाद झाले, कितव्या मिनिटाला, एवढेच पत्रकात भरायचे. ज्या मुलीने नेमक्या क्षणाला खो दिला, जिच्यामुळे पळणारी खांबाजवळ अडकली, तिच्यासाठी पत्रकात रकाना नसतो. सामना संपला की ती पाटीवरून उठते, गुडघ्याची माती झटकते आणि माझ्या कागदावर तिचे नाव कुठेच नसते. माझ्या हातून असे पुष्कळ कागद गेले. आकड्यांवरचा माझा विश्वास त्याने उडाला नाही, पण कुठलाही तक्ता समोर आला की त्यात कोणता रकाना नाही हे आधी बघायची सवय लागली.

हे पुस्तक पदकतक्त्यांविषयी आहे. ऑलिंपिक, आशियाई स्पर्धा, दक्षिण आशियाई स्पर्धा, आपल्या राष्ट्रीय स्पर्धा, सगळीकडे शेवटच्या दिवशी वर्तमानपत्रात एक चौकट येते: क्रमांक, देश, सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण. ती चौकट कशी तयार होते, तिचा क्रम कोणी ठरवला, दुसऱ्या रीतीने मांडली तर काय होते आणि तिच्यात काय मावतच नाही, एवढाच या पुस्तकाचा विषय.

निमित्त घडले ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिसचे ऑलिंपिक संपले होते. भारताची सहा पदके: नीरज चोप्राचे रौप्य आणि पाच कांस्य. क्रमांक ७१ वा. पाकिस्तानचे पदक एकच, अर्शद नदीमचे भालाफेकीतले सुवर्ण, आणि क्रमांक ६२ वा. ओळखीतल्या एका आठवीतल्या मुलीने पेपर पुढे केला आणि म्हणाली, “सर, सहा खाली आणि एक वर? हे कुठलं गणित?”

मी तिला शब्दकोश काढायला सांगितला. कोशात ‘कमळ’ आधी येते, ‘खडू’ नंतर. पहिल्या अक्षराने निकाल लागला की पुढे कितीही अक्षरे असोत, ती कोणी विचारात घेत नाही. पहिले अक्षर सारखे असेल तरच दुसऱ्याकडे बघायचे. पदकतक्ता नेमका असाच लावतात. सुवर्ण हे पहिले अक्षर, रौप्य दुसरे, कांस्य तिसरे. पॅरिसमध्येच अमेरिका आणि चीन यांची सुवर्णपदके सारखी झाली, ४० आणि ४०. मग दुसरे अक्षर पाहिले: रौप्य ४४ आणि २७. अमेरिका पहिली. भारताचे पहिले अक्षर शून्य असल्यामुळे पुढची पाच कांस्ये लिहिली काय आणि न लिहिली काय, पाकिस्तानच्या वर जायला ती कामाची नव्हती. पन्नास असती तरी नसती. या रीतीत एक सुवर्ण म्हणजे किती रौप्य, या प्रश्नाला उत्तरच नाही. कितीही रौप्ये दिली तरी एक सुवर्ण येत नाही.

मुलीला हे पटले नाही. तिच्या शाळेच्या क्रीडा मेळाव्यात पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक, आणि बेरीज करून सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल, असा हिशेब होता. त्या हिशेबाने भारताचे आठ गुण होतात, पाकिस्तानचे पाच. तिचे म्हणणे चूक नव्हते. तिला ठाऊक असलेला हिशेब वेगळा होता, एवढेच.

खरे तर आपल्याकडे दोन्ही हिशेब पूर्वापार नांदत आले आहेत. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तो आठवा. नारळाच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते, दुपार कलते आणि शेवटची कुस्ती लागते. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा एकाच गोष्टीची, शेवटची कोणी मारली? अमुक गावच्या तालमीने लहानसहान अकरा कुस्त्या जिंकल्या, असे कोणी मोजून सांगत नाही. हा फडाचा हिशेब. शाळेचा मेळावा मात्र सगळ्यांच्या घामाची बेरीज करतो. तिसरी आलेली पोरगीसुद्धा आपल्या शाळेसाठी एक गुण घेऊन येते. जगाचे पदकतक्ते फडाच्या हिशेबाने चालतात. ते तसेच चालायला हवेत, असे मात्र कोणी कुठे लिहून ठेवलेले नाही. मागे बघितले तर अथेन्सच्या १८९६ च्या खेळांत सुवर्णपदकच नव्हते. पहिल्या आलेल्याला रौप्यपदक देत. सोने, चांदी, कांसे ही तिन्ही १९०४ च्या सेंट लुईसपासून आली.

लिहून ठेवलेले आहे ते उलटेच. ऑलिंपिकची सनद सांगते की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. देशांची जागतिक क्रमवारी लावू नये असेही त्यात आहे. तरीही प्रत्येक ऑलिंपिकमध्ये तक्ता असतो, पडद्यावर झळकतो आणि पहिल्या दिवसापासून लोक तोच बघतात. सनद एका बाजूला आणि लोकांची हौस दुसऱ्या बाजूला.

हौसेलाही देशाभिमानाचा वास असतोच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या शेवटी चीनची सुवर्णपदके ५१ होती, अमेरिकेची ३६. पण सगळी पदके मोजली तर अमेरिका ११० आणि चीन १००. अमेरिकी वृत्तपत्रे एकूण पदकांवर क्रम लावत असल्यामुळे तिकडच्या वाचकाने अमेरिका पहिली वाचली आणि उरलेल्या जगाने चीन पहिला वाचला. खेळ तेच, पदके तीच. पुढे २०१७ मध्ये उत्तेजकांच्या फेरतपासणीत चीनच्या तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णपदके गेली आणि ५१ चे ४८ झाले. समारोपाचा तक्ता शेवटचा नसतो, हे त्यातून शिकायचे.

मला सर्वांत बोलका वाटलेला तक्ता मात्र ऑलिंपिकचा नाही. तो डिसेंबर २०१९ मध्ये काठमांडू-पोखऱ्याला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेचा आहे. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावर आली, कारण पहिला क्रमांक कोणाचा हे ठरलेलेच होते. भारत १७४ सुवर्णांसह एकूण ३१२ पदके. या स्पर्धेत आपण मोठ्या भावासारखे जातो आणि मोठ्या भावाच्या जिंकण्यात गंमत नसते. गंमत खाली होती. दुसरा क्रमांक यजमान नेपाळचा: ५१ सुवर्ण, ६० रौप्य, ९५ कांस्य, एकूण २०६. तिसरा श्रीलंकेचा: ४० सुवर्ण, ८३ रौप्य, १२८ कांस्य, एकूण २५१. श्रीलंकेने ४५ पदके जास्त घेतली आणि ती एक पायरी खाली बसली.

आता मेळाव्याच्या हिशेबाने बघू. नेपाळ: ५१ पंचे २५५, ६० त्रिक १८०, त्यात ९५, मिळून ५३०. श्रीलंका: ४० पंचे २००, ८३ त्रिक २४९, त्यात १२८, मिळून ५७७. क्रम उलटला. पाच-तीन-एकऐवजी तीन-दोन-एक घेतले तरी नेपाळ ३६८, श्रीलंका ४१४. मुंबईत किंवा दिल्लीत कोणाला याचे काही वाटणार नाही, पण काठमांडूत आणि कोलंबोत त्या रात्री दोन वेगवेगळ्या मनःस्थिती होत्या, आणि त्यांच्यामधले अंतर खेळापेक्षा रकान्यांच्या क्रमाने पाडले होते. त्याच तक्त्याच्या तळाशी एक सुवर्ण मिळालेले मालदीव पाच पदकांनिशी वर आहे आणि वीस पदके मिळवलेला भूतान खाली.

तसाच प्रकार आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत घडतो आणि तिथे तर महाराष्ट्राचेच नाव गुंतलेले आहे. २०२२ मध्ये गुजरातेत सेनादलाने ६१ सुवर्णांसह पहिला क्रमांक घेतला, पदके १२८. महाराष्ट्र दुसरा, सुवर्ण ३९, पण पदके १४०. त्या वेळी आपल्याकडच्या मथळ्यांनी ‘सर्वाधिक पदके महाराष्ट्राची’ असे लिहून क्रमांकाची बाब हळूच दुसऱ्या परिच्छेदात ढकलली. हे करणारे आपणच आणि अमेरिकी वृत्तपत्रांना हसणारेही आपणच. मी मात्र तेव्हा हिशेब करून पाहिला. पाच-तीन-एकनेसुद्धा सेनादल पुढेच राहते, ४४२ विरुद्ध ३७२. म्हणजे तो पहिला क्रमांक फडाच्या आणि मेळाव्याच्या अशा दोन्ही हिशेबांनी पक्का होता. पुढच्याच वर्षी गोव्यात महाराष्ट्राने ८० सुवर्णे आणि २२८ पदके घेतली. कुठल्याही रीतीने मोजा, पहिलेच. आणि २०२५ मध्ये उत्तराखंडात पुन्हा सेनादल पहिले: ६८ सुवर्ण, २६ रौप्य, २७ कांस्य. महाराष्ट्राची सुवर्णे ५४ आणि रौप्ये ७१. इथे मेळाव्याचा हिशेब लावला तर सेनादलाचे ४४५ गुण होतात. महाराष्ट्राचे फक्त सुवर्ण-रौप्याचेच ४८३ होतात, कांस्ये मोजायला घेण्याच्या आधीच. दोन वेळा दुसरे आलो, पण दोन्ही दुसरेपणांचा अर्थ एक नाही. हा फरक चौकटीत दिसत नाही, तो काढावा लागतो.

सेनादल या नावातही एक गोष्ट दडली आहे. ते राज्य नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातली पोरे पळता येते म्हणून भरतीला जातात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथून स्टीपलचेसचा धावक होऊन बाहेर आला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने २०२३ मध्ये सुवर्ण घेतले. लष्करात गेलेला खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या बाजूने उतरला तर त्याचे पदक त्याच्या मातीच्या समोर लिहिले जात नाही. मग महाराष्ट्र सेनादलाकडून हरला, हे वाक्य किती खरे?

यानंतर या पुस्तकातला माझ्या जवळचा प्रश्न येतो: मोजले काय जाते?

आमच्या धाराशिव जिल्ह्याला खो-खोचे वेड आहे. इथल्या मुली राज्याच्या संघात असणे ही आता बातमी उरलेली नाही. सारिका काळे याच जिल्ह्याची. भारताच्या महिला संघाची ती कर्णधार होती. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती होती, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळाला. लहानपणी दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, असे तिने मुलाखतीत सांगितलेले आहे. तिचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव हेही इथलेच. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

आता तिचे ते सुवर्ण तक्त्यात शोधा. खो-खो दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीलाच पहिल्यांदा आला. पुरुषांचे एक सुवर्ण, महिलांचे एक सुवर्ण, संपले. मैदानात नऊ जणी, बाकीच्या राखीव, वर्षानुवर्षे पहाटेचा सराव, आणि या सगळ्यांचे मिळून तक्त्यात एक. त्याच तक्त्यात जलतरणाला डझनावारी शर्यती: पन्नास मीटर, शंभर मीटर, दोनशे मीटर, पाठीवर, पोटावर, रिले. एक चांगला पोहणारा एका आठवड्यात चार-पाच वेळा मोजला जातो. भारतीय हॉकीने १९२८ पासून १९८० पर्यंत, बावन्न वर्षांत, आठ ऑलिंपिक सुवर्णे मिळवली. मायकेल फेल्प्सने २००८ मध्ये एका बीजिंगमध्ये आठ घेतली. तक्त्यासाठी दोन्ही सारखेच, आठ. फेल्प्सला कमी लेखायचे नाही. पण ज्या देशाला तक्त्यात वर चढायचे आहे त्याने सांघिक खेळांच्या नादी लागू नये, असा शहाणपणाचा सल्ला हा तक्ता आपोआप देतो. ब्रिटनने तो ऐकला. १९९६ च्या अटलांटात एका सुवर्णासह ३६ व्या क्रमांकावर घसरल्यावर त्यांनी लॉटरीचा पैसा सायकलिंग, नौकानयन अशा बहुपदकी खेळांत ओतला आणि २०१६ च्या रिओत दुसरा क्रमांक काढला.

खो-खो तर ऑलिंपिकच्या किंवा आशियाई स्पर्धेच्या पदकतक्त्यात अजून नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. विश्वचषक आला, मिरवणूक झाली. पण अशा विश्वचषकाला देशांचा पदकतक्ता नसतो. त्यामुळे तक्त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर या जिल्ह्याने जगाच्या खेळात अजून काही केलेलेच नाही. कबड्डी १९९० मध्ये आशियाई स्पर्धेत आली आणि तिचे पदक मोजले जाऊ लागले. त्याआधी कबड्डीपटू काय कमी दमाचे होते? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास बांधले. आपल्याकडे खेळाचे नियम बांधून शंभर वर्षे झाली आणि जगाच्या वहीत त्याला अजून रकाना नाही.

मराठी वाचकाची एक अडचण आणखी आहे. ऑलिंपिकच्या तक्त्यात महाराष्ट्र नावाची ओळ नसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य घेतले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे. मधली ७२ वर्षे वैयक्तिक पदकाच्या बाबतीत महाराष्ट्रासाठी कोरी होती, हे आपण आपल्या वहीत लिहितो. दोन्ही पदके तक्त्याच्या सर्वांत कमी वजनाच्या रकान्यातली. पण गोळेश्वरला किंवा कांबळवाडीला जाऊन ‘अहो, ते फक्त कांस्य’ असे म्हणून दाखवावे कोणी.

लोकसंख्येचा मुद्दा निघाल्याशिवाय आपल्याकडे ही चर्चा संपत नाही. एकशे चाळीस कोटी आणि सहा पदके! पुस्तकात त्यावर वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे एवढेच सांगतो की एका शर्यतीत एका देशाचे किती जण उतरू शकतात याला मर्यादा असते. शंभर मीटरला आपण शंभर धावक पाठवू शकत नाही. टोकियोत तेहतीस-चौतीस हजार वस्तीच्या सान मारिनोने तीन पदके घेतली. माणशी हिशेबात तो देश सगळ्यांच्या पुढे गेला. एवढी वस्ती तर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाची असते. माणशी हिशेब ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्यात लहान देशाचे एक पदक डोंगराएवढे होते आणि मोठ्या देशाला कितीही घेतली तरी वर येता येत नाही. फडाच्या हिशेबाला वैतागून माणशी हिशेबाकडे जाणारा माणूस आगीतून फुफाट्यात पडतो.

तक्त्यात बसणे म्हणजे काय याचा अनुभव धाराशिव जिल्ह्याला खेळाबाहेरही आहे. २०१८ मध्ये केंद्राने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना आकांक्षित जिल्हे असे नाव दिले. महाराष्ट्रातून चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी अशा ४९ निर्देशांकांवर दर महिन्याला क्रमवारी लागे. पण तीत एक चलाखी होती. जिल्हा कुठे आहे यापेक्षा गेल्या महिन्यापासून किती हलला यावर ‘डेल्टा’ क्रमांक मिळायचा. मागे असलेल्याला पहिला येण्याची ती एकमेव रीत. त्या रीतीचेही दोष आहेत, आणि सरकारी कागदावर हललेले प्रत्यक्षात हलले का, हा प्रश्न आमच्या पारावर तेव्हाही होता. तरीही तिने एक गोष्ट मान्य केली होती: सगळे एकाच रेषेवरून निघालेले नाहीत. खेळाच्या तक्त्याला ही रीत लावली तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतली भारताची ७० पदके आणि हांगझोतली १०७ हे अंतर आठव्या-चौथ्या क्रमांकापेक्षा जास्त सांगते, आणि टोकियोतला ४८ वा क्रमांक व पॅरिसचा ७१ वा यांतली दरी केवढी फसवी आहे तेही कळते. पदके सातची सहा झाली. क्रमांक तेवीस पायऱ्या घसरला, कारण नीरजचा भाला टोकियोत सोन्यावर पडला होता आणि पॅरिसमध्ये ८९.४५ मीटर जाऊनही चांदीवर.

पुस्तक लिहिताना एक मोह आवरला. नवा, निर्दोष, सर्वांना न्याय देणारा तक्ता सुचवावा असे पुष्कळदा वाटले. गणित शिकवणाऱ्याला असे मोह होतात. तीन-चार सूत्रे मांडून पाहिली. प्रत्येकाने कोणाला तरी वर चढवले आणि कोणाला तरी विनाकारण खाली ढकलले, आणि दर वेळी माझ्या लक्षात आले की माझे आवडते देश वर आले की ते सूत्र मला पटते. मग ती वही बंद केली. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणात एक खरा तक्ता घेऊन तो निदान तीन रीतींनी मांडला आहे आणि कोणत्या रीतीत कोणाचा फायदा होतो ते लिहिले आहे.

आकड्यांबद्दल दोन शब्द. समारोपाच्या दिवशीचे आकडे आणि वर्ष-दोन वर्षांनंतरचे आकडे वेगळे असू शकतात. एखादा खेळाडू उत्तेजकाच्या चाचणीत सापडतो, पदक खालच्याकडे सरकते, कधी निवाडा वर्षानुवर्षे चालतो. जिथे असा बदल झाला आहे तिथे दोन्ही आकडे दिले आहेत. गणिते आठवीच्या मुलीला येतील एवढीच आहेत. मुद्दाम तशी ठेवली, कारण प्रश्न तिचा होता.

काठमांडूचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी पुन्हा छापला आहे. त्यात सात देश आहेत, सुवर्ण-रौप्य-कांस्याचे आकडे आहेत. क्रमांकाचा रकाना रिकामा सोडला आहे आणि देश मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावले आहेत. त्यामुळे नेपाळ सर्वांत वर आला आहे आणि श्रीलंका सर्वांत खाली गेली आहे. त्याला माझा इलाज नाही. पेन्सिल घेऊन बसावे.